उघड्यावरच्या गाड्यांचं पांघरूण

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हा कमिटीला वाटलं असणार, की काका ठेवी, व्याजदर, नॉमिनेशन यावर बोलतील. बँकेत सगळी नोकरी काढलेल्या माणसाकडून दुसरं काय अपेक्षित असणार? पण नॉमिनेशनवर मी दर गणपतीत कुणा ना कुणाला पकडून बोलतोच. आज मी गाडीच्या कव्हरवर बोलणार आहे. हसा, हरकत नाही. मात्र येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर कोणते दोन विषय आहेत ते आठवा. एक, कंपाउंडमधलं जांभळाचं झाड तोडायच्या परवानगीसाठी नगर परिषदेकडे अर्ज करणे. दोन, मोकळ्या पार्किंगवर पत्र्याची शेड घालणे. दोन्हींचं कारण एकच दिलंय, उघड्यावर गाड्या खराब होतात. म्हणून म्हटलं, मतदानाच्या आधी गाडी खराब कशाने होते आणि ती वाचवायला खरोखर काय लागतं, हे एकदा नीट बोलून घेऊ.

आपण इथे राहायला आलो तेव्हा कात्रपमध्ये गाड्यांचा प्रश्नच नव्हता. चारचाकी असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजावीत अशी. बाकी स्कूटर, मोटरसायकल आणि स्टेशनपर्यंत पायपीट. त्या हिशोबाने स्टिल्टमधली जागा आपल्याला भरपूर वाटली होती. आज 'एमएच ०५' च्या पाट्या मोजायला लागलं की अर्ध्याहून जास्त गाड्या आकाशाखाली आहेत. स्टिल्ट कुणाच्या मालकीची, यावर इथे कधीकाळी भांडणं झाली, म्हणून एक आठवण करून देतो. २०१० साली सुप्रीम कोर्टाने नहालचंद लालुचंद खटल्यात स्पष्ट सांगितलं, की स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, ती इमारतीच्या सामाईक भागात मोडते. आणि जागा कमी, मागणारे जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं, असं आदर्श उपविधीत आहे. चिठ्ठी म्हटली की कुणाला सावली मिळणार, कुणाला ऊन. यंदा तुम्ही आत असाल, पुढे बाहेरही याल. तेव्हा हा विषय फक्त बाहेरच्यांचा आहे असं आतल्यांनी समजू नये.

आपल्या गावाच्या नावाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं सांगतात. इतिहासाचे जाणकार काय म्हणतील ते म्हणोत, पण घोडा बाळगणाऱ्याला एक गोष्ट कळत होती. जनावर दमून आलं की त्याच्या पाठीवर झूल पडायची. आपण आठ-दहा लाखांचं जनावर सात वर्षांच्या हप्त्यावर आणतो आणि एप्रिलच्या उन्हात उघडं बांधून ठेवतो!

आता ऊन. बदलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू. मुंबईला समुद्राचा वारा आहे, आपल्याला नाही. पारा चाळिशीच्या वर जाणं ही इथे बातमी राहिलेली नाही. बाहेर चाळीस असेल तेव्हा काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीच्या आत साठच्या आसपास सहज जातं. (अशा गाडीत लहान मूल 'दोन मिनिटं' म्हणूनसुद्धा ठेवू नये. विषय कव्हरचा असला तरी हे सांगायलाच हवं.) गाडीच्या पत्र्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो. गाडी चमकते ती त्या वरच्या थरामुळे. उन्हातले अतिनील किरण हा थर हळूहळू खातात. आधी चमक जाते, मग टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे येतात, शेवटी पापुद्रे निघतात. सगळ्यात आधी टप आणि बॉनेट जातात, कारण ऊन त्यांच्यावर सरळ पडतं. दरवाजे बरेच दिवस टिकतात. हेडलाइटच्या काचा हल्ली काचेच्या नसतात, पॉलिकार्बोनेटच्या असतात. त्या पिवळ्या पडतात आणि रात्रीचा उजेड कमी होतो. वायपरचं रबर कडक होतं आणि नेमकं पहिल्या पावसात काचेवर ओरखडे काढतं.

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. पुष्कळांना वाटतं, फुल इन्शुरन्स आहे, काळजी कसली? पॉलिसी काढून वाचा. अपघात, आग, चोरी, पूर, वादळ, अंगावर पडलेलं झाड, हे सगळं त्यात असतं. पण नेहमीची झीज, घसारा आणि आपोआप झालेला यांत्रिक किंवा विजेचा बिघाड त्यात नसतो. उन्हाने उडालेला रंग म्हणजे झीज. त्याचा क्लेम कुणी देत नाही. शिवाय क्लेम बसला तरी रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, जोडीला शून्य घसाऱ्याचं कलम घेतलेलं नसेल तर. गाडीची विम्यातली किंमतही दरवर्षी ठरलेल्या तक्त्याने उतरते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. तुम्ही गाडी शालीत गुंडाळून ठेवा नाहीतर उघडी टाका, तक्ता तोच. फरक पडतो विकताना. घेणारा माणूस तक्ता बघत नाही, तो टपावरून हात फिरवतो.

कर्जाच्या गाड्यांना आमच्याकडे 'नजरगहाण' म्हणायचे. फार सुंदर शब्द आहे. गाडी तुमच्या दारात, नजर बँकेची. हप्ते थकले की गाडी ओढून आणायची आणि मोकळ्या आवारात लावायची. मग नोटिसा, मुदती, लिलावाची तारीख, यात एक पावसाळा जायचा, कधी दोन. गाडी आली तेव्हा चालत आलेली असायची. लिलावाच्या दिवशी टायर बसलेले, सीटवर बुरशी, बॉनेटखाली घुशींचं बिऱ्हाड. चालवून गाडी जितकी झिजत नाही तितकी उघड्यावर नुसती उभी राहून झिजते, हे मी अशा आवारांत पाहिलंय. त्यात कर्जदाराचंही नुकसान. लिलावात कमी आलं की उरलेली बाकी त्याच्याच नावावर.

तर कव्हर हवं. पण कुठलं? इथे लोक फसतात. दुकानदार म्हणतो, 'काका, शंभर टक्के वॉटरप्रूफ.' म्हणजे जाड प्लॅस्टिक. वरून पाणी आत येत नाही हे खरं, पण आतली वाफही बाहेर जात नाही. जमिनीतली ओल वर चढते, रात्री गार झालं की कव्हरच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि गाडी आतून भिजत राहते. जून ते सप्टेंबर असं चार महिने चाललं तर दरवाजाच्या कडांना गंज आणि सीटला बुरशी ठरलेली.

आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. भातलावणीला तो इरलं घ्यायचा. डोक्यावरून पाठीपर्यंत पानांचं छप्पर, पण खालून मोकळं. पाऊस वरून वाहून जायचा आणि वारा अंगाला लागायचा. आता प्लॅस्टिकचा कागद पांघरतात. तासाभराने बघा, पावसाने नाही पण घामाने माणूस ओलाचिंब. गाडीचं कव्हर इरल्यासारखं हवं. बाजारात अनेक पदरी, न विणलेल्या कापडाचं कव्हर मिळतं, त्यातून पाणी सहज आत येत नाही आणि वाफ बाहेर पडते. उन्हाळ्यासाठी बाहेरून चंदेरी लेप असलेलं पॉलिस्टर चांगलं. आतला भाग हाताला मऊ लागला पाहिजे. खरखरीत असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. खात्री नसेल तर दुकानात उभ्या उभ्या एक परीक्षा करा. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा अजिबातच जात नसेल तर ते पावसाळ्यात दिवसेंदिवस घालून ठेवण्याचं काम नाही.

माप महत्त्वाचं. 'सगळ्या गाड्यांना बसतं' असं कव्हर कुठल्याच गाडीला बसत नाही. पुढे-मागे इलॅस्टिक, आरशांना खिसे आणि पोटाखालून जाणारा पट्टा, बकलसह, एवढं हवंच. पट्टा नसेल तर शिवून घ्या. रिक्षाची हूड आणि सीट शिवणारा कुठलाही कारागीर देईल.

पट्ट्यावर एवढा जोर का, ते सांगतो. १३ मे २०२४ ची संध्याकाळ आठवा. धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला ते अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून माणसं गेली. आपल्याकडे काही झालं नाही, पण दोन कव्हरं उडाली. एक जांभळावर जाऊन अडकलं आणि दुसरं, पट्टा नसलेलं, गाडीवरच फडफडत राहिलं. उडालं ते परवडलं. फडफडणारं कव्हर गाडीवर बसलेली धूळ रात्रभर रंगावर घासत असतं, म्हणजे पॉलिश पेपरच. कात्रपला धुळीला तोटा नाही, सतत कुठे ना कुठे इमारत उठतेय, नाहीतर रस्ता खणलेला आहे. त्यात सिमेंटची धूळ रात्रीच्या दवाने भिजली की चिकटून बसते. म्हणून कव्हर घालण्याआधी गाडीवर पाणी मारायचं, पुसायची, वाळू द्यायची, मग घालायचं. रोज एवढं जमत नसेल तर रोज कव्हर घालू नका. रोज सकाळी स्टेशनला जाणाऱ्या गाडीला मी कव्हर सुचवत नाही. समोरच्या काचेला आतून सनशेड लावा, दोन-तीन महिन्यांनी मेण-पॉलिश करा, पुरे. आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीला मात्र कव्हर हवंच. खर्चाचा हिशोबही मांडून ठेवलाय. साधारण पंधराशे रुपयांचं कव्हर दोन वर्षं टिकलं तर दिवसाला दोन रुपये पडतात. आणि एक टप रंगवायला काय घेतात, ते ज्यांनी रंगवून घेतलंय त्यांनाच विचारा.

दुचाकीचं थोडक्यात. गाडीवरून उतरल्या उतरल्या कव्हर टाकू नका, तापलेल्या सायलेन्सरला कापड चिकटतं. अर्धा तास थांबा. विजेवरची स्कूटर चार्जिंगला लावली असेल तेव्हा कव्हर काढूनच ठेवायचं, उष्णता कोंडता कामा नये. आणि दिवाळीचे चार दिवस ज्या बाजूला फटाके वाजतात तिथे कव्हर नकोच. ही सगळी कृत्रिम कापडं, एक ठिणगी पुरते. बाणाने रंगावर डाग पडला तर पडेल, पण पेटलेलं कव्हर अख्खी गाडी नेईल, आणि शेजारचीही. रंगपंचमीला उलट, त्या दिवशी जुनी चादर टाकली तरी चालेल.

तळमजल्यावरचे आपले एक सभासद रिक्षा चालवतात. त्यांच्याबद्दल बोलायची परवानगी घेतली आहे. पहाटेच्या लोकलची गिऱ्हाइकं धरायला ते साडेचारला निघतात. रात्री पाऊस झाला आणि सीट ओली असेल तर बसणारा हात लावून बघतो आणि मागच्या रिक्षात जातो. म्हणजे आपल्या गाडीचं पांघरूण हा हौसेचा मामला, त्यांच्या रिक्षाचं पांघरूण हा बोहनीचा. हूडचं रेक्झिन उन्हाने तडकलं की पाणी आत येणारच. त्यांनी जाड कापडाचं अर्धं कव्हर शिवून घेतलंय. हूडवरून येतं, दोन्ही बाजूंना सीटच्या खालपर्यंत उतरतं आणि खालून मोकळं. इरलंच की! ज्यांना रिक्षाचं कव्हर बघायचं असेल त्यांनी ते जरूर बघावं. मला तरी बाजारातल्या कव्हरपेक्षा त्याची रचना जास्त पसंत पडली.

आता जिवंत वस्तूंविषयी. पावसात कव्हरखाली ऊब असते, म्हणून मांजर पिल्लं घालतं आणि उंदीर वायरी कुरतडतात. उंदरांवर कुणी डांबराच्या गोळ्या ठेवतं, कुणी तंबाखूची पुडी. माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आठवड्याला कव्हर काढणं, बॉनेट उघडणं आणि गाडी एक फेरी मारून आणणं. बॅटरीही जिवंत राहते. सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा, मांजर असेल तर पळेल.

पुराचंही सांगतो, कारण त्यात कव्हरचा काही उपयोग नाही. २६ जुलै २००५ आपण पाहिला. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली होती. उल्हास नदी पश्चिमेला आहे, आपण पूर्वेला, तरी पाऊस जोराचा असला की रस्त्यावर पाणी साचतं ते साचतंच. अशा वेळी कव्हर काढून गाडी उंचावर न्यायची. आणि गाडीत पाणी गेलं असेल तर किल्ली फिरवायची नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं की आतले भाग वाकतात आणि साध्या पॉलिसीत हा खर्च बहुधा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. टोइंगवाल्याला बोलवायचं, ढकलायची, पण सुरू करायची नाही.

कव्हरमुळे वॉचमनची पंचाईत होते, तीही खरी आहे. नंबर दिसत नाही, कॅमेऱ्यात तर सगळे चंदेरी डोंगरच दिसतात. यावर तोडगा सोपा आहे. कव्हरवर पुढे-मागे फ्लॅट नंबर मोठ्या अक्षरात लिहायचा. कव्हर चोरीला जायचंही प्रमाण कमी होईल.

आणि त्या डोंगरांतले दोन-तीन असे आहेत की जे वर्षानुवर्षं हललेले नाहीत. एका गाडीचे मालक आता आपल्यात नाहीत. वहिनींना ती विकवत नाही, आणि मी ती विका असं सांगणारा कोण? पण कव्हरने पत्रा झाकला जातो, कागद झाकले जात नाहीत. मालक गेल्यावर आरटीओला कळवून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते, विमा वारसाच्या नावावर करावा लागतो. आपली कल्याण आरटीओ. २०२१ पासून आरसी बुकात नॉमिनीचं नाव घालायची सोय झालेली आहे. बघा, शेवटी नॉमिनेशन आलंच! ज्या कुणाला असे अर्ज भरायचे असतील त्यांनी माझ्याकडे या. कागद वाचायला चष्मा आणि वेळ, दोन्ही माझ्याकडे आहे.

आता अजेंड्याच्या दोन विषयांवर माझं मत. शेडला मी विरोध करणार आहे. मोकळ्या जागेत कायमचं बांधकाम करायचं तर नगर परिषदेची परवानगी लागते. अग्निशमनाच्या गाडीला वळायला जागा उरली पाहिजे. तिथे खांब रोवून ती अडवायची आणि एखाद्या रात्री पस्तावायचं, हे मला पटत नाही. शिवाय पत्र्याची शेड ऊन अडवते, पण आपल्याकडचा पाऊस सरळ कधी पडतो? तो आडवा येतो. म्हणजे शेड घालूनही कव्हर लागणारच.

जांभळाचं. मे-जूनमध्ये फळ पडतं, जांभळे डाग पडतात, पाखरं येतात, त्यांची विष्ठा पडते. ती विष्ठा उन्हात वाळली की रंगात उतरते, हे सगळं खरं आहे. माझी स्वतःची गाडी त्याच झाडाखाली असते. पण १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय फांदीही छाटू नये, आणि परवानगी मागायची तर कारण काय लिहिणार? गाडीवर जांभूळ पडलं? बदलापुरात? जिथल्या जांभळांना बाहेरगावाहून गिऱ्हाईक येतं तिथे? ते झाड आपण पहिल्या वर्षी लावलं, तेव्हा ते माझ्या कमरेएवढं होतं. आज दुपारी बारा वाजता मोकळ्या फरशीवर अनवाणी उभे राहा आणि मग झाडाखाली येऊन उभे राहा. त्या सावलीतली गाडी आतून किती कमी तापते ते काच उघडल्यावर कळतं. डागाला इलाज आहे. डाग ताजा असताना ओल्या फडक्याने भिजवून ठेवायचा, घासायचा नाही, आणि मोसमाचे सहा आठवडे कव्हर ठेवायचं. दिवसाला दोन रुपये.

मी कमिटीला लेखी सूचना दिली आहे. झाडाखालच्या सात जागांच्या गाड्यांना सोसायटीने रौप्यमहोत्सवी निधीतून एकदाच कव्हरं द्यावीत आणि अर्ज मागे घ्यावा. सूचना मंजूर होवो न होवो, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी मापाची टेप घेऊन पार्किंगमध्ये असेन. सातही गाड्यांची लांबी-रुंदी-उंची लिहून घेऊ, आणि आणखी कुणाला हवं असेल तर त्यांचीही. एकदम घेतली तर दुकानदाराकडून भाव पाडून घेता येतो, ते काम माझ्याकडे. येताना गाडीची चावी आणा. आरसे उघडून माप घ्यावं लागतं.